रंजक विज्ञानग्रंथांचे आकर्षण : मराठी परंपरेची एक चिकित्सा

प्रास्ताविक

सर्वसामान्य वाचकांसाठी मराठीत विज्ञानविषयक लेखन करणाऱ्या पिढीतील अनेक मान्यवर गेल्या काही वर्षांत काळाच्या पडद्याआड गेले. 2019 मध्ये मोहन आपटे, 2022 मध्ये नंदा खरे, आणि 2025 च्या मे व जून महिन्यांत, एकमेकांपासून महिनाभराच्या आत, डॉ. जयंत नारळीकर व मारुती चितमपल्ली यांचे निधन झाले. अशा लेखकांचा गौरव करताना ‘अवघड विज्ञान त्यांनी रंजक करून सांगितले’ असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. विज्ञान मुळात रुक्ष असते आणि लेखक त्याला बाहेरून गोडी आणतो, असे ते गृहीत होय. कडू औषध गुळात घालून द्यावे, तसा काहीसा हा व्यवहार मानला जातो.

प्रस्तुत लेखात या गृहीताची चिकित्सा करावयाची आहे. रंजक विज्ञानग्रंथ सामान्य वाचकास का आवडतात, त्या आवडीमागे कोणकोणती आकर्षणे असतात, आणि त्यांपैकी कोणते आकर्षण वाचकाजवळ पुस्तक मिटल्यानंतरही टिकून राहते, हे प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. ‘रंजन’ हा शब्द ‘रञ्ज्’ या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ रंगणे असा आहे. वस्त्राला वरून रंग लावता येतो, तसा तो धाग्यात मुरवताही येतो. वरून लावलेला रंग पहिल्या धुण्यातच जातो. विज्ञानग्रंथांच्या रंजकतेतही हा भेद करावा लागतो, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

उपदेशाचे तीन प्रकार

या विवेचनासाठी आपल्याच साहित्यशास्त्रातील एक जुनी विभागणी उपयोगी पडते. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त काव्यप्रयोजनांचा विचार करताना उपदेशाचे तीन प्रकार मानले आहेत. वेदांचा उपदेश प्रभुसंमित, म्हणजे मालकाच्या आज्ञेसारखा. इतिहास-पुराणांचा सुहृत्संमित, म्हणजे मित्राच्या सल्ल्यासारखा. आणि काव्याचा कान्तासंमित, म्हणजे प्रिय पत्नीच्या मधुर आर्जवासारखा. ही विभागणी विज्ञानलेखनाला लावून पाहिली असता काही गोष्टी स्पष्ट होतात.

क्रमिक पुस्तकाचा उपदेश प्रभुसंमित असतो. नियम, सूत्र, सिद्धता आणि स्वाध्याय या क्रमाने ते बोलते. त्याला प्रतिप्रश्न करता येत नाही. परीक्षेत त्याचेच शब्द परत द्यावे लागतात. विज्ञानकथा किंवा शास्त्रज्ञाचे भावपूर्ण चरित्र कान्तासंमित असते. ते वाचकाचे मन जिंकते आणि त्या ओघात काही विज्ञान त्याच्या पदरी पडते. या दोहोंहून वेगळा असा तिसरा प्रकार आहे. त्यात लेखक वाचकाशी मित्रासारखा बोलतो, त्याच्यापुढे कोडे ठेवतो, त्याची चूक त्यालाच शोधू देतो, आणि प्रसंगी ‘याबाबत शास्त्रज्ञांतही एकमत नाही’ असे मोकळेपणाने सांगतो. रंजक विज्ञानग्रंथाचे खरे स्थान या सुहृत्संमित प्रकारात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मराठीत पहिल्या दोन प्रकारांची वाढ पुष्कळ झाली. तिसऱ्याची उदाहरणे मोलाची असली तरी संख्येने थोडी आहेत.

मराठी परंपरेचा धावता आढावा

मराठीतील विज्ञानप्रसाराचा आरंभ नियतकालिकांतून झाला. 1832 मध्ये ‘दर्पण’ सुरू करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले आणि त्यातून भूगोल, भौतिकशास्त्र, रसायन इत्यादी विषयांवरील मजकूर मराठी वाचकांपुढे ठेवला. 1928 साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ हे केवळ विज्ञानाला वाहिलेले मासिक निघाले. 1966 साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली आणि व्याख्याने, स्पर्धा, अधिवेशने व पत्रिका यांच्याद्वारे विज्ञानलेखनाला संस्थात्मक आधार मिळाला. पुढील काळात बाळ फोंडके, निरंजन घाटे, मोहन आपटे, सुबोध जावडेकर, अच्युत गोडबोले अशा लेखकांनी हा प्रवाह विस्तारला.

या परंपरेचा आरंभीचा हेतू लोकशिक्षणाचा होता. लोकांना माहिती नाही, ती त्यांच्या भाषेत द्यावी, असे तिचे स्वरूप होते. माहितीचीच टंचाई असलेल्या काळात ही भूमिका योग्यच होती. आज माहिती मुबलक आहे. कोणत्याही ग्रहाचे अंतर किंवा कोणत्याही रोगाचे नाव विद्यार्थ्याला हातातल्या मोबाइलवर क्षणात मिळते. अशा काळात पुस्तकाने वाचकाला माहितीपलीकडचे काय द्यावे, हा प्रश्न तीव्र झाला आहे.

कथेचे आकर्षण

पहिले आकर्षण कथेचे. या संदर्भात डॉ. नारळीकरांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा त्यामागील उद्देश होता. या कथेस पारितोषिक मिळाले. ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह 1979 मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली. ही प्रतिष्ठा किती वाढली याची साक्ष म्हणजे 2021 साली नाशिक येथे भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले.

कथेचे सामर्थ्य उघड आहे. एखादी अमूर्त कल्पना पात्राच्या अनुभवातून आली की ती स्मरणात राहते. तथापि कथेची एक मर्यादाही आहे. कथेच्या जगात लेखक म्हणेल ते घडते. तेथील विज्ञान खरे आहे की कल्पित, हे तपासण्याचे साधन वाचकाजवळ नसते. लेखकाच्या अधिकारावर त्याला विसंबावे लागते. नारळीकरांसारखा लेखक असेल तर हा विश्वास सार्थ ठरतो. परंतु तोच वाचक उद्या ‘प्राचीन काळी सर्व यंत्रे होती’ असे सांगणारे एखादे चटकदार पुस्तकही तितक्याच गोडीने वाचतो आणि तितक्याच सहजतेने मान्य करतो. दोन्ही पुस्तकांची रंजकता त्याला सारखीच वाटते. कथेचे आकर्षण सत्य आणि असत्य यांच्याबाबत तटस्थ असते, ही गोष्ट समीक्षेने नजरेआड करता कामा नये.

चरित्राचे आकर्षण

दुसरे आकर्षण व्यक्तीचे. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक 1981 साली प्रसिद्ध झाले आणि मराठी घराघरांत पोहोचले. गुलामगिरीत जन्मलेला, अनेक हालअपेष्टांतून शिकलेला आणि 1896 साली टस्कीगी येथे जाऊन गरीब शेतकऱ्यांसाठी आयुष्य वेचणारा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकाला आपला वाटला. या पुस्तकाने कित्येक विद्यार्थ्यांना वाचनाची गोडी लावली आणि त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु हे पुस्तक वाचलेल्या विद्यार्थ्याला कार्व्हरचे विज्ञान कोणते, असे विचारून पाहावे. ‘त्याने भुईमुगापासून शेकडो पदार्थ तयार केले’ हे उत्तर बहुधा येते. कार्व्हरच्या कार्याचा गाभा मात्र वेगळा होता. सतत कपाशी घेऊन खंगलेल्या जमिनीत शेंगवर्गीय पिके घ्यावीत, त्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात आणि पुढच्या पिकाला ते उपयोगी पडते, हा विचार त्याने शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेला. 1906 पासून त्यासाठी खेचरांनी ओढलेली फिरती शाळाच त्याने वापरात आणली. कपाशीच्या वऱ्हाडाला यापेक्षा जवळचा विषय कोणता असू शकेल? असे असूनही वाचकाच्या मनात उरतो तो कार्व्हरचा त्याग. नत्राच्या गाठी मागे पडतात. हा दोष लेखिकेचा म्हणता येणार नाही. चरित्र या प्रकाराचा ओढाच व्यक्तीकडे असतो. शास्त्रज्ञांच्या आयुष्यांतून विज्ञानाचा इतिहास सांगणाऱ्या अच्युत गोडबोले यांच्या ‘किमयागार’सारख्या ग्रंथांबाबतही वाचकाचा अनुभव काहीसा असाच असतो. शास्त्रज्ञांचे विक्षिप्त स्वभाव आणि त्यांची भांडणे लक्षात राहतात. त्यांनी निष्कर्ष कसा काढला, हे तितके राहत नाही.

चरित्रग्रंथ वाचकाला विज्ञानाविषयी आदर देतात. आदर ही चांगली गोष्ट होय. मात्र आदरातून विचारशक्ती आपोआप निर्माण होत नाही. शास्त्रज्ञ हा संतासारखा वंदनीय झाला की त्याला प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटू लागते.

निसर्गलेखनाचे आकर्षण

विदर्भातील वाचकाला मारुती चितमपल्लींचा स्वतंत्र उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. सोलापुरात जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने नवेगाव, नागझिरा आणि मेळघाटची जंगले मराठी साहित्यात आणली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’ या पुस्तकांनी आणि ‘पक्षिकोशा’ने पक्ष्यांची, झाडांची, जलचरांची असंख्य देशी नावे छापील भाषेत आली. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि 2025 मध्ये पद्मश्री हे सन्मान त्यांना मिळाले.

चितमपल्लींच्या लेखनाचे आकर्षण निरीक्षणाच्या सान्निध्यात आहे. लेखक पाणवठ्यावर तासन्‌तास बसतो आणि वाचकही त्याच्यासोबत बसतो. येथे रंग धाग्यात मुरलेला आहे, कारण गोडी विषयाबाहेरून आणलेली नाही. तरीही एक प्रश्न उरतो. या लेखनात प्रत्यक्ष निरीक्षण, वनवासी माणसांकडून ऐकलेली माहिती आणि लोकसमजूत यांचे धागे पुष्कळदा एकाच ओघात गुंफले जातात. ललित गद्य म्हणून त्याने सौंदर्य वाढते. विज्ञानग्रंथ म्हणून वाचणाऱ्याला मात्र कोणते विधान लेखकाने स्वतः पाहिले आणि कोणते केवळ ऐकले, याचा भेद स्वतःच करावा लागतो. लोकज्ञान त्याज्य नसते; कित्येकदा ते शास्त्राच्या पुढे असते. परंतु त्याची पारख करण्याची रीत वाचकाला मिळाली नाही, तर लोकज्ञान आणि लोकभ्रम दोन्ही एकाच मोलाने विकले जातात.

रीतीचे आकर्षण

आता तिसऱ्या, सुहृत्संमित प्रकाराकडे वळू. याचे उत्तम उदाहरण रशियन लेखक याकोव पेरेलमान यांच्या ग्रंथांत सापडते. 1913 साली त्यांचे मनोरंजक भौतिकशास्त्रावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाने काढलेली त्याची इंग्रजी आवृत्ती सोव्हिएत संघाच्या अस्तापर्यंत, म्हणजे 1991 पर्यंत, भारतात अत्यल्प किमतीत मिळत असे. विज्ञान शाखेच्या आपल्याकडील अनेक विद्यार्थ्यांच्या हाती ती आली. पुढे लेनिनग्राडच्या वेढ्यात, 1942 साली, पेरेलमान उपासमारीने मरण पावले.

वाचकाला नवी माहिती देण्यापेक्षा त्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींचे ज्ञान करून देणे हा आपला हेतू आहे, अशी पेरेलमान यांची भूमिका होती. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. आपण सूर्याभोवती अधिक वेगाने केव्हा फिरतो, दिवसा की रात्री, असा प्रश्न ते विचारतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि स्वतःभोवतीही फिरते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण ही दोन ज्ञाने एकत्र जोडण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते. जोडून पाहिले की मध्यरात्री दोन्ही गती एकाच दिशेने असल्याने त्यांची बेरीज होते आणि मध्यान्ही वजाबाकी, हे उत्तर त्याचे त्यालाच सापडते. एच. जी. वेल्स यांच्या 1897 सालच्या कादंबरीतील अदृश्य माणसाबाबतही तसेच. डोळ्याच्या आत प्रकाश अडवणारा पडदा असल्याशिवाय दिसत नाही. सर्वांगाने पारदर्शक झालेल्या माणसाचा हा पडदाही पारदर्शक होईल. तेव्हा तो माणूस आंधळाच असला पाहिजे. येथे कथा आहे, परंतु ती वाचकाला भुलविण्यासाठी आलेली नाही. ती तपासण्यासाठी समोर ठेवली आहे. वाचकाला होणारा आनंद हा चूक स्वतः पकडल्याचा आनंद आहे.

मराठीत या प्रकारची उदाहरणे आहेत. मुंबईच्या सोमैया महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापन केलेल्या मोहन आपटे यांच्या ‘मला उत्तर हवंय’ या मालिकेचे शीर्षकच बोलके आहे. तेथे बोलण्याचा पहिला मान प्रश्न विचारणाऱ्याला आहे. नागपूरचे अभियंता-लेखक नंदा खरे यांनी ‘कहाणी मानवप्राण्याची’सारख्या ग्रंथांत वाचकाला सोपे करून भरविण्याऐवजी त्याच्या बुद्धीवर विश्वास टाकला. त्यांचे गद्य श्रम मागते, पण त्या श्रमांत वाचकाचा सन्मान असतो.

नारळीकरांच्या कार्याचा या दृष्टीने सर्वांत लक्षणीय भाग त्यांच्या कथांत नसून इतरत्र आहे, असे सुचवावेसे वाटते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत आणि उत्तराखाली स्वाक्षरी करीत. विश्वोत्पत्तीविषयी लिहिताना महास्फोट सिद्धांताबद्दलचे आपले मतभेद त्यांनी सामान्य वाचकापासूनही लपविले नाहीत. आणि 2008 साली, नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसह, त्यांनी फलज्योतिषाची एक साधी चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका एकत्र करून त्यांतील चाळीस-चाळीस पत्रिका ज्योतिषांकडे पाठविण्यात आल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच ओळखायचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे 46 टक्के निघाले. नाणे उडवूनही याहून थोडे अधिक यश मिळाले असते.

या चाचणीचे वृत्त सामान्य वाचकाने आवडीने वाचले, याचे कारण तिची रचना त्याला पूर्णपणे कळत होती. तिच्यात दुर्बीण नव्हती की कठीण गणित नव्हते. अशी चाचणी आपणही घेऊ शकतो, हे त्याला उमगत होते. विज्ञानाची रीत वाचकाच्या हाती येणे, हे रंजक विज्ञानलेखनाचे सर्वांत टिकाऊ आकर्षण होय.

वरूड परिसराच्या संदर्भात

हा सर्व विचार केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा नाही, हे पटण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वरूड-मोर्शीचा पट्टा संत्र्यांचा आहे. भूजलाच्या शासकीय मूल्यांकनांत वरूड तालुक्याची नोंद अतिशोषित म्हणून वारंवार झालेली आहे. विहिरी आटल्या, बोअर खोल गेले, आणि नवा बोअर कोठे घ्यावा हा प्रश्न अनेक कुटुंबांच्या दृष्टीने बाग राखण्याचा किंवा तोडण्याचा प्रश्न झाला. अशा वेळी शेतकरी पाणाड्याला बोलावतो. पाणाड्या हातात बेचक्याची काठी किंवा तळहातावर नारळ घेऊन शेतात फिरतो आणि जागा दाखवितो. कधी पाणी लागते, कधी लागत नाही. लागलेल्या पाण्याची गोष्ट गावभर होते. कोरडा गेलेला बोअर शेतकऱ्याच्या कर्जखात्यात मुकाट्याने नोंदला जातो.

येथे प्रभुसंमित उपदेश निष्प्रभ ठरतो. ‘पाणाड्यावर विश्वास ठेवणे ही अंधश्रद्धा आहे’ असे आज्ञार्थी वाक्य शेतकऱ्याला पटत नाही, कारण त्याच्या शेजाऱ्याला पाणी लागलेले त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याला कथाही उपयोगी पडत नाही, कारण पाणाड्याच्या कथा विज्ञानकथेपेक्षा सरस असतात. उपयोगी पडेल ती रीत. समजा, एखाद्या शिवारात कोठेही भोक पाडले तरी शंभरपैकी साठ ठिकाणी थोडेफार पाणी लागते. मग डोळे मिटून जागा दाखविणाऱ्यालाही साठ वेळा यश मिळणारच. तेव्हा पाणाड्याला किती वेळा यश आले, हा प्रश्न अपुरा आहे. त्याच्याशिवाय किती वेळा आले असते, हे विचारले पाहिजे. बेसाल्ट खडकात पाणी झिजलेल्या थरांत, भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत साठते, एकसंध कातळात साठत नाही, हे भूशास्त्र त्यानंतर सांगता येईल आणि तेव्हा ते ऐकलेही जाईल. नारळीकरांच्या पत्रिकांच्या चाचणीतील तर्क आणि हा तर्क एकच आहे. ज्या वाचकाने पहिला गोडीने वाचला, त्याला दुसरा स्वतः करता आला पाहिजे. त्याला तो करता येत नसेल, तर त्या वाचनातून त्याचे केवळ मनोरंजन झाले, असेच म्हणावे लागेल.

रंजकतेची सामग्री याच बागांत विखुरलेली आहे. संत्र्याच्या डिंक्या रोगावर बागाईतदार खोडाला बोर्डो मलम लावतो. या नावामागे फ्रान्समधील बोर्दो हा द्राक्षांचा प्रदेश आहे. तेथील काही मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडत; वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत, एवढाच हेतू. 1882 च्या सुमारास मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, केवड्याच्या साथीत आतल्या वेली करपल्या, पण रस्त्याकडेच्या हिरव्या राहिल्या. त्याने कारण विचारले, मिश्रणाचे प्रयोग केले आणि 1885 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही गोष्ट कोणत्याही कथेइतकी रंजक आहे. शिवाय निरीक्षण, शंका, तुलना आणि प्रयोग या विज्ञानाच्या पायऱ्या तिच्या कथानकातच आहेत. त्या काढल्या तर गोष्टच उरत नाही.

आंबिया किंवा मृग बहर घेण्यासाठी झाडाला ताण देण्याची रीतही अशीच. पाणी तोडल्याने झाड सुकायला हवे; ते फुलते कसे? हलक्या जमिनीत ताण कमी दिवस आणि भारी जमिनीत जास्त दिवस का द्यावा लागतो? वाढ थांबते, झाडात अन्नसाठा होतो आणि पाणी मिळताच नवतीसोबत फुले येतात, हे उत्तर वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला ठाऊक असते आणि प्रश्न शेतकऱ्याच्या मुलाला. या दोघांची भेट घडविणारी चार पाने मराठीत वाचकाच्या हाती पडत नाहीत, ही आपल्या विज्ञानलेखनाची खरी उणीव आहे.

भाषेचा प्रश्न

या ठिकाणी भाषेचा विचार अपरिहार्य ठरतो. शासकीय परिभाषा कोशांनी अनेक संज्ञा दिल्या आणि त्यांचे कार्य मोलाचे आहे. तथापि संज्ञा रुजते ती चित्र उभे करण्याच्या शक्तीमुळे. ‘कृष्णविवर’ हा शब्द संस्कृत असूनही रुजला, कारण तो ऐकताच काही दिसते. जेथे वापरातला शब्द आधीच आहे, तेथे नवा घडविण्याचे कारण नसते. ताण, बहर, डिंक्या, नवती, खुंट हे शब्द या प्रदेशातील विज्ञानाची तयार परिभाषा आहेत. मराठी माध्यमातून बारावीपर्यंत आलेला आणि पदवीला इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे अडखळणारा विद्यार्थी आपल्यापैकी प्रत्येकाने वर्गात पाहिला आहे. त्याला विषय समजण्याची पात्रता नसते असे नाही. परक्या भाषेत विचार करण्याचे ओझे त्याच्यावर एकदम पडलेले असते. अशा विद्यार्थ्यासाठी मराठीतील सुहृत्संमित विज्ञानग्रंथ हा दोन काठांमधला पूल ठरू शकतो.

काही आक्षेप

रंजकतेमुळे विज्ञान उथळ होते, असा एक आक्षेप घेतला जातो. सोपे करताना काही सोडावे लागते, हे खरे. परंतु उथळपणा सोपेपणातून येत नाही. तो पुरावा गाळून केवळ निष्कर्ष सांगण्यातून येतो. मायकेल फॅरेडे यांनी मेणबत्तीवर मुलांसाठी दिलेली व्याख्याने 1861 साली ग्रंथरूप झाली. त्यांत एका ज्योतीच्या निमित्ताने ज्वलन, वायू आणि श्वसन यांचा विचार येतो आणि प्रत्येक विधान प्रयोगाने दाखविले जाते. ती सोपी आहेत आणि उथळ मुळीच नाहीत.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. महाविद्यालयीन अध्यापकाच्या मूल्यमापनात अशा लेखनाला शोधनिबंधाइतके वजन मिळत नाही. मग त्याने ते का करावे? हा आक्षेप गंभीर आहे आणि तो व्यवस्थेकडे मांडलाच पाहिजे. तोवर एवढे ध्यानात घ्यावे की, पत्रिका ओळखण्याची ती चाचणी प्रथम शोधनिबंधाच्याच शिस्तीने आखली गेली होती, आणि म्हणूनच ती सामान्य वाचकाला सांगण्यासारखी झाली. गावातील कोरड्या आणि ओल्या बोअरची प्रामाणिक नोंद हा उत्तम संशोधन प्रकल्प होऊ शकतो, आणि त्याचा मराठी वृत्तान्त हे उत्तम रंजक विज्ञानलेखन. ही दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. रंजक विज्ञानग्रंथांचे आकर्षण एकजिनसी नसते. कथेचे आकर्षण कुतूहल जागे करते, पण खऱ्याखोट्याची पारख शिकवीलच असे नाही. चरित्राचे आकर्षण आदर निर्माण करते, पण लक्ष विचाराकडून व्यक्तीकडे वळविते. निसर्गलेखनाचे आकर्षण निरीक्षणाची ओढ लावते, परंतु पाहिलेले आणि ऐकलेले यांतील सीमा त्याने जपावी लागते. रीतीचे आकर्षण मात्र वाचकाला स्वतः विचार करण्याचा आनंद देते, आणि तो आनंद त्याला दुसऱ्या प्रश्नाकडे नेता येतो.

समीक्षेने यापुढे अशा ग्रंथांचे मूल्यमापन करताना ‘भाषा ओघवती आहे’, ‘विषय सोपा केला आहे’ या ठरावीक शेऱ्यांवर थांबू नये. लेखकाने पुरावा दाखविला आहे काय, वाचकाला चूक शोधण्याची जागा ठेवली आहे काय, अनिश्चितता कबूल केली आहे काय, आणि त्या पुस्तकातील विचाराची रीत वाचकाला आपल्या शिवारात वापरता येईल काय, हे चार प्रश्न विचारले जावेत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडताना आणि विद्यार्थ्यांना अवांतर वाचन सुचविताना याच कसोट्या लावता येतील. आंबियाचा ताण डिसेंबरात सुरू होतो. त्याविषयीची चार मराठी पाने त्याआधी विद्यार्थ्यांच्या हाती देणे कोणत्याही विज्ञान विभागाला शक्य आहे.